राजाची पायधूळ

पाहुणा मोठा असला की घर मोठे होते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. ‘एकदा आमच्या घरी पायधूळ झाडा’ हे आमंत्रण त्या समजुतीतूनच जन्माला आले. एखादा संस्थानिक ज्या ओट्यावर घटकाभर टेकला, तो ओटा त्या घरातली माणसे पुढच्या चार पिढ्या दाखवीत राहतात. ही हौस केवळ आपलीच आहे असे मात्र नाही. लंडन शहरात तर तिचा रीतसर व्यवसाय झाला आहे. तेथील जुन्या पबांपैकी ज्यांचा कुठल्या ना कुठल्या राजाराणीशी संबंध सांगता येतो, असे पाच-सहा निवडायचे. माहीतगार मार्गदर्शकाच्या मागोमाग दोन-अडीच तास गल्लीबोळांतून पायी हिंडायचे. प्रत्येक दारापाशी थांबून गोष्ट ऐकायची. ज्याला प्यायचे त्याने घोटभर प्यायचे आणि पुढे चालू लागायचे, अशा या सहली असतात.

वर्ध्यात बसून पबांविषयी लिहावे, याचे वाचकांना हसू येईल याची मला कल्पना आहे. गांधीजी आणि विनोबा यांची ही कर्मभूमी. त्यांच्या स्मृतीचा मान राखून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून हा संपूर्ण जिल्हा दारूबंदीखाली आहे. येथील मुलांनी दारूच्या दुकानाची अधिकृत पाटी पाहायची म्हटली, तर जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागते. तरीही त्या पदयात्रेविषयी लिहावेसे वाटते, कारण तिने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो लंडनचा नाही. तो माझ्या धर्मग्रामाचा आहे, आणि कदाचित तुमच्याही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, लंडनमधील एका धर्मग्रामाचे धर्मगुरू रजेवर असताना, महिनाभर मिस्सा आणि इतर सेवा देण्यासाठी मी तेथे गेलो होतो. वसईहून जाऊन तेथे स्थायिक झालेले एक कुटुंब रविवारी मिस्सेला येत असे. त्या घरातल्या थोरल्या मुलाने एका शनिवारी दुपारी मला या पदयात्रेला नेले. त्याच्या हाती बिअरचा पेला होता, माझ्या हाती लिंबाचे सरबत. आमच्या घोळक्यात अमेरिकन होते, जपानी होते, आणि आयुष्यभर त्याच शहरात राहूनही ते कधी न पाहिलेले दोन वृद्ध लंडनकरही होते.

मार्गदर्शक प्रथम पाट्यांविषयी बोलला. इ. स. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकिर्दीत असा कायदा झाला, की जो कोणी जवाची दारू गाळून विकील, त्याने दाराबाहेर खूण टांगलीच पाहिजे. दारूची प्रत तपासणाऱ्या सरकारी माणसाला दुकान सापडावे, हा त्यातला हेतू. लोकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून पाटीवर चित्र रंगवीत. या रिचर्डचे स्वतःचे चिन्ह पांढरे हरिण होते. त्यामुळे ‘पांढरे हरिण’ या नावाचे पब आजही इंग्लंडभर आढळतात. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्याही गादीवर आला आणि त्याच्या राजचिन्हावरचा तांबडा सिंह पाट्यांवर चढला, असेही सांगतात. राजा बदलला की पाटी बदलायची, हा त्या धंद्यातला व्यवहार होता. गिऱ्हाईक येवो न येवो, राजाची मर्जी खप्पा होता कामा नये!

‘शाही ओक’ हे नाव तर फारच लोकप्रिय आहे. त्यामागची कथा खरी आहे. ३ सप्टेंबर १६५१ रोजी वूस्टरच्या लढाईत क्रॉमवेलच्या सैन्याकडून पराभूत झालेला तरुण राजा दुसरा चार्ल्स जीव घेऊन पळाला आणि बॉस्कोबेल येथे एका ओक वृक्षाच्या फांद्यांत दिवसभर लपून बसला. खालून शत्रूचे शिपाई त्याला शोधीत फिरत होते. पुढे १६६० मध्ये तो गादीवर आला आणि त्या झाडाचे चित्र गावोगावच्या पबांवर झळकले. मार्गदर्शकाने ही कथा रंगवून सांगितली, परंतु तिचा जो भाग आपल्या वाचकांना जवळचा वाटावा, तो त्याच्या कथनात नव्हता. राजाला लपविणारे पेंडरेल बंधू हे साधे कॅथलिक शेतकरी होते. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे हाच गुन्हा. लपूनछपून राहण्याची, अनोळखी माणसाला माळ्यावर दडविण्याची त्या लोकांना सवयच होती. कारण ते धर्मगुरूंना असेच दडवीत आले होते. राजाला पुढच्या मुक्कामी साह्य करणारे फादर जॉन हडलस्टन हे बेनेडिक्टाइन संघाचे धर्मगुरू. चौतीस वर्षांनंतर, १६८५ मध्ये, मृत्युशय्येवर असलेल्या याच चार्ल्सला त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत घेतले. पाटीवर झाड आले. ज्यांनी राजाला आसरा दिला, त्यांची नावे मात्र फारच थोड्यांच्या ओठी राहिली.

पाट्यांच्या या इतिहासात ख्रिस्तसभेचाही मोठा वाटा आहे. मध्ययुगात वाटसरूला निवारा देणे हे प्रामुख्याने मठांचे काम होते. कँटरबरी येथे संत थॉमस बेकेट यांच्या समाधीकडे जाणारे यात्रेकरू लंडनच्या दक्षिणेला सदर्क भागातील सरायांत मुक्काम करीत. हे बेकेट म्हणजे राजाशी झालेल्या संघर्षातून २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्याच सरदारांनी मंदिरात ठार केलेले महागुरू. त्या यात्रेच्या वाटेवर आणि मठांच्या आसपास जी विश्रांतिगृहे उभी राहिली, त्यांची नावे आपल्याला परकी वाटत नाहीत. ‘आडव्या किल्ल्या’ म्हणजे संत पेत्राच्या किल्ल्या. ‘कोकरू आणि ध्वज’ म्हणजे परमेश्वराचे कोकरू. ‘देवदूत’, ‘तारा’, ‘वंदन’ यांचा उगम सांगायलाच नको. पुढे १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने स्वतःला ख्रिस्तसभेचा प्रमुख म्हणवून घेतले, १५३६ ते १५४० या काळात मठ मोडून काढले आणि १५३८ मध्ये बेकेट यांची समाधीही उद्ध्वस्त केली. ‘पोपचे मस्तक’ अशी पाटी असलेल्या मद्यालयांनी तेव्हा तिच्यावर रंग फासून ‘राजाचे मस्तक’ केले, असे मार्गदर्शक मोठ्या चवीने सांगतात. घोळका हसला. मीही हसलो. पण मठ मोडल्यावर फुकट भाकर आणि निवारा शोधणाऱ्या निर्धन वाटसरूने कोणत्या पाटीखाली जावे, हे त्या हशात कोणी विचारले नाही.

त्या दिवशी ज्या गल्लीने मला सर्वांत अधिक विचारात पाडले, ती हॉबर्न भागात आहे. दोन भिंतींच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल अशा बोळात ‘जुना माइटर’ नावाचा पब आहे. माइटर म्हणजे बिशपांचा शिरोमुकुट. ईलीच्या बिशपांचा लंडनमधील वाडा येथे होता आणि वाड्यातल्या नोकरचाकरांसाठी १५४६ मध्ये हे मद्यालय सुरू झाले. आत एका कोपऱ्यात चेरीच्या झाडाचे जुने खोड जपून ठेवले आहे. पहिली एलिझाबेथ राणी आपला लाडका सरदार ख्रिस्तोफर हॅटन याच्यासह या झाडाभोवती नाचली, अशी दंतकथा आहे. नाचाचे खरेखोटे कोण जाणे. पण राणीच्या आग्रहाखातर बिशपांना आपल्या वाड्याचा मोठा भाग या हॅटनला नाममात्र भाड्याने द्यावा लागला, हे मात्र खरे. भाडे काय होते? वर्षाला दहा पौंड, दहा गाड्या गवत आणि एक लाल गुलाब!

त्या खोडापुढे उभा असताना मला आठवण झाली ती आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांची. याच एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक श्रद्धेला जागा उरली नव्हती, म्हणून विल्टशायरचा हा तरुण मायदेश सोडून रोमला गेला, येशूसंघात दाखल झाला आणि १५७९ मध्ये गोव्यास उतरला. पुढे १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. राणीने एक बाग आपल्या मर्जीतल्या माणसाला मिळवून दिली, आणि तिच्या कायद्यांनी हाकललेल्या एका माणसाला आपल्या मराठी भाषेने घर दिले. पदयात्रेच्या त्या बोळात मी एकटाच मराठी धर्मगुरू असल्यामुळे हा शाही संबंध मलाच तेवढा ठाऊक होता.

पबच्या बाहेर पडून चार पावले टाकली की त्याच वाड्याचे जुने मंदिर लागते. तेराव्या शतकातले हे मंदिर १८७४ मध्ये रोस्मिनी संघाच्या फादर विल्यम लॉकहार्ट यांनी विकत घेतले आणि तेथे पुन्हा मिस्सा होऊ लागली. मंदिर आहे संत एथेलड्रेडा हिच्या नावाचे. तीही राणीच होती, सातव्या शतकातली, नॉर्दम्ब्रियाच्या राजाची पत्नी. राजवाडा सोडून तिने ६७३ मध्ये ईली येथे मठ स्थापन केला. म्हणजे एकाच गल्लीत दोन राण्या. एक जेथे नाचली असे लोक म्हणतात, तेथे माणसांची दाटी. दुसरीने मुकुट उतरवून ठेवला. तिच्या दारी त्या दुपारी मी आणि मेणबत्ती लावायला आलेली एक फिलिपिनो बाई, एवढेच होतो.

आणखी एका ठिकाणाविषयी सांगतो, कारण तेथून वर्धा फार दूर नाही. लंडनच्या सेंट जाइल्स भागात बाराव्या शतकाच्या आरंभी मटिल्डा राणीने महारोग्यांसाठी आश्रम काढला होता. ही मटिल्डा स्कॉटलंडच्या संत मार्गारेट यांची कन्या; ती स्वतः महारोग्यांचे पाय धूत असे. पुढील काळात टायबर्नच्या वधस्तंभाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांची गाडी या आश्रमाच्या फाटकाशी थांबत असे आणि मरणाऱ्या माणसाला तेथे दारूचा एक वाडगा दिला जाई. संत जाइल्सचा वाडगा असेच त्याचे नाव पडले. टायबर्नवर १५३५ ते १६८१ या काळात शंभराहून अधिक कॅथलिक हुतात्म्यांनीही प्राण दिले. ती प्रथा ऐकताना मला नीतिसूत्रांतील लमुएल राजाच्या आईची आठवण झाली. ती आपल्या मुलाला बजावते, की मद्य राजांसाठी नव्हे, कारण पिऊन ते गरिबांचा न्याय विसरतील. द्यायचेच असेल तर ते मरणाच्या दारी असलेल्याला द्यावे. पवित्र शास्त्रातील प्यालेले राजे आठवा. बेलशस्सर मंदिरातली पात्रे काढून दरबारी पिऊ लागला आणि भिंतीवर बोटे उमटली. हेरोदाने मेजवानीच्या भरात शब्द दिला आणि योहान बाप्तिस्ताचे मस्तक ताटात आले. राजाने कोठे प्याला रिकामा केला याच्या पाट्या लावण्यापूर्वी त्या प्याल्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारले पाहिजे.

पदयात्रा संपल्यावर तो तरुण आणि मी एका बाकावर बसलो. तो म्हणाला, “फादर, तुम्हाला हे सगळे विचित्र वाटले असेल. पण इथे पब म्हणजे गावची चावडी आहे. लहानपणी वसईला बाबा रात्री कुठे जातात, हे आई आम्हाला सांगत नसे. इथे मी कुठे जातो हे माझ्या बायकोला ठाऊक असते. पुष्कळदा ती बरोबरच असते.”

त्याचे बोलणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत राहिलो. पब हा शब्दच मुळी ‘सार्वजनिक घर’ या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे. आपल्याकडे मात्र दारूच्या ठिकाणाला शब्द आहे गुत्ता, आणि गुत्ता म्हणजे मक्ता. इंग्रजी अमलात सरकार दारूच्या दुकानांचे लिलाव करी, जो जास्त बोली देईल त्याला मक्ता मिळे आणि अबकारीचा पैसा सरकारच्या तिजोरीत जाई. म्हणजे आपल्या गुत्त्यांनाही राजसंबंध होताच, पण तो महसुलाचा! गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत संपूर्ण दारूबंदी होती ती याचसाठी. अशा जागी घराची ऊब कोठून येणार? तेथे माणूस तोंड लपवून जातो, घाईने पितो आणि झोकांड्या खात परततो.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर दुखणे आणखी खोल आहे. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे ख्रिस्ती माणूस रंगविला तो हातात बाटली देऊनच. ते चित्र आपल्याला झोंबते, आणि ते अन्यायाचे आहेच. परंतु लग्नाच्या मांडवात किती पेट्या आल्या यावरून यजमानाची पत ठरविणारेही आपणच आहोत. कॅथलिक धर्मशिक्षण दारूला पाप म्हणत नाही. अतिरेकाला म्हणते, आणि नशेत दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोष देते. काना गावच्या लग्नात प्रभूने द्राक्षारस दिला, हे आपण सर्वांना अभिमानाने सांगतो. त्या लग्नात माता मारियेने यजमानाची अब्रू झाकली, हे सांगायला विसरतो. आपल्या घरांतून आज कित्येक माता रोज रात्री अशीच अब्रू झाकीत असतात.

आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात? येथील वृत्तपत्र उघडले की मोहाचा सडवा नष्ट केल्याची, हद्दीवर दारूची गाडी पकडल्याची बातमी बहुधा असतेच. बंदीचा काहीच उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. भर बाजारात दुकान नसणे ही लहान गोष्ट नव्हे. महिला मंडळांच्या भगिनींनी ती अंगावर शिव्या झेलून राखली आहे. ही बंदी उठावी असे येथल्या एकाही स्त्रीने मला कधी म्हटलेले नाही. तरीही बंदी कोठे अपुरी पडते, हे मला धर्मग्रामातल्या एका गवंड्याने एका वाक्यात शिकविले. उपवासकाळात त्याने चाळीस दिवस थेंबाला स्पर्श केला नव्हता. ईस्टरनंतर पंधरवड्यात पुन्हा घसरला. मी त्याला रागावलो नाही, नुसतेच विचारले, “का रे बाबा?” तो खाली मान घालून म्हणाला, “फादर, दारू सोडता येते. संध्याकाळ कुठं सोडू?”

हा प्रश्न कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठा आहे. दिवसभर विटा-सिमेंट उचलून आलेल्या माणसाला एका खोलीच्या घरात संध्याकाळी बसायला जागा नसते. मुले अभ्यास करीत असतात, चूल पेटलेली असते, दूरचित्रवाणी ओरडत असते. तो बाहेर पडतो. बाहेर त्याची वाट पाहणारी, त्याला नावाने हाक मारणारी माणसे एकाच ठिकाणी असतात, आणि त्या ठिकाणी बाटली असते. माणूस दारूकडे जातो तेव्हा पुष्कळदा तो घराबाहेरच्या एका घराकडे जात असतो. लंडनच्या पबचे बळ त्याच्या पिंपात नाही, बाकात आहे. कायदा दुकान बंद करतो. बाक मांडणे हे कायद्याचे काम नाही. ते आपले आहे.

डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट याची कथा तुम्ही ऐकली असेल. १८८४ मध्ये खिशात पैसा नसताना तो एका पबच्या दाराशी उभा राहिला. रोज ज्यांच्यासाठी पैसे उधळले, त्या मित्रांपैकी कोणी तरी आत बोलावील म्हणून. एकेक जण पुढून निघून गेला. त्याच दिवशी त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली आणि पुढील एक्केचाळीस वर्षे, मरेपर्यंत, पाळली. आज ख्रिस्तसभा त्याला ‘वंदनीय’ म्हणते. मला त्याच्या चरित्रातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. सुरुवातीच्या त्या कठीण संध्याकाळी तो मंदिरात जाऊन बसे. त्या वेळी मंदिराचे दार उघडे होते.

याच विचारात असताना, परतीपूर्वी मी लंडनच्या पूर्व भागातील बो या कामगार वस्तीत गेलो. तेथे किंग्जली हॉल नावाचे घर आहे. म्युरिएल लेस्टर आणि डॉरिस लेस्टर या दोघी बहिणींनी, वारलेल्या आपल्या भावाचे नाव देऊन, १९१५ मध्ये हे कार्य सुरू केले. त्या सुखवस्तू घरातल्या, श्रद्धाळू प्रॉटेस्टंट ख्रिस्ती भगिनी. कामगारांना संध्याकाळी दारूशिवाय एकत्र बसता यावे, गप्पा, अभ्यास, प्रार्थना, करमणूक व्हावी, असे ते लोकांचे घर होते. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले तेव्हा त्यांनी हॉटेल नाकारले आणि सुमारे बारा आठवडे ते या घराच्या गच्चीवरील एका लहानशा खोलीत राहिले. पहाटे उठून ते त्या गरीब वस्तीतून पायी फिरत. त्यांच्यामागून मुले धावत. याच घरातून ते ५ नोव्हेंबर १९३१ रोजी पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्ज राजाच्या भेटीला गेले आणि रात्री मुक्कामाला पुन्हा येथेच आले. राजसंबंधांची पदयात्रा काढणाऱ्यांनी हे घर आपल्या यादीत घ्यायला हरकत नसावी. फक्त येथे पेला मिळणार नाही.

ते पाहून आल्यानंतर वर्ध्याकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आमच्या धर्मग्रामातील तरुण मुलामुलींना वर्षातून एकदा मी पायी फिरवतो. आरंभ लक्ष्मीनारायण मंदिरापासून. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे हे मंदिर तथाकथित अस्पृश्यांना खुले केले. ज्या काळी रस्त्यावरच्या विहिरीही बंद होत्या, त्या काळी उघडलेले हे दार. तेथून बजाजवाडी. इंग्रज सरकारने दिलेली रायबहादूर ही पदवी असहकाराच्या काळात परत करणाऱ्या जमनालालजींचे हे अतिथिगृह. स्वातंत्र्यलढ्यातील थोर पुढारी येथे पाहुणे म्हणून उतरत. मग मगनवाडी. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे हे केंद्र, आणि त्याचा भार वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे आपल्यासारखेच ख्रिस्ती. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेला हा माणूस येथे घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ आणि ताडाचा गूळ यांत रमला. ताडीचे झाड तेच. पहाटे उतरविलेला ताजा रस प्यायला तर ती नीरा, कढविला तर गूळ आणि उन्हात आंबू दिला तर नशा. झाड तोडून प्रश्न सुटत नाही, रसाला वेळीच दुसरी वाट द्यावी लागते, हे मी मुलांना तेथे उभे राहून सांगतो.

शेवटचा टप्पा सेवाग्राम, आठेक किलोमीटरचा. थकलेल्यांना आम्ही बसने नेतो. १९३६ मध्ये गांधीजी या खेड्यात राहायला आले. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याशी बोलता यावे म्हणून येथे बसविलेला दूरध्वनी अजून पाहायला मिळतो. मुले त्याभोवती घोळका करतात, कारण राजप्रतिनिधीचा संबंध त्याच्याशी आहे! मी त्यांना तेथून थोडे पुढे, परचुरे कुटीकडे नेतो. परचुरे शास्त्री संस्कृतचे गाढे विद्वान. महारोग जडल्यावर आपल्या माणसांत राहणे अशक्य झाले तेव्हा, १९३९ मध्ये, ते या आश्रमाच्या दाराशी आले. त्यांना ठेवून घेण्यात आले, स्वतंत्र कुटी बांधून देण्यात आली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला तेल चोळीत असत. वर्ध्याजवळच दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून महारोग्यांसाठी काम उभे केले होते. मटिल्डा राणीचा आश्रम आणि ही कुटी यांच्यामध्ये आठशे वर्षे आहेत, पण उंबरठा एकच आहे.

हे सारे बोलून झाल्यावर प्रश्न उरतो तो त्या गवंड्याच्या संध्याकाळचा. आमच्या धर्मग्रामाच्या आवारात एक खोली वर्षभर कुलूपबंद असे. नाताळची तारा-गोठ्याची सामग्री तेवढी तीत पडून असायची. ती आम्ही रिकामी केली. दोन बाके, कॅरम, वर्तमानपत्र, चहाची किटली. संध्याकाळी सात ते नऊ. प्रवचन नाही, शपथपत्र नाही, कोण आले कोण नाही याची नोंदवही नाही. पहिल्या आठवड्यात पाच जण आले. त्यांतले दोघे टिकले. गवंडी त्यांपैकी एक. शेजारच्या वस्तीतले काही अख्रिस्ती बांधवही आता येतात. मोठे यश म्हणून मी हे सांगत नाही. जी व्यक्ती व्यसनात पूर्ण अडकली आहे तिला वैद्यकीय उपचार हवेत, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या गटाचा आधार हवा. कॅरमने व्यसन सुटत नाही. पण उपचार घेऊन परतलेल्या माणसाला संध्याकाळी कोठे तरी जायचे असते. आपल्या किती धर्मग्रामांची सभागृहे लग्नाच्या तारखा सोडून अंधारात असतात, ते एकदा मोजून पाहावे, एवढीच विनंती.

सार्वजनिक घराला राजाची पायधूळ लागावी, ही इच्छा मला आता हास्यास्पद वाटत नाही. शुभवर्तमानात शेवटच्या दिवसाची जी कथा प्रभूने सांगितली, तिच्यात न्यायासनावर राजाच बसलेला आहे. तो आपल्या उजव्या बाजूच्या लोकांना सांगतो, की मी परका होतो आणि तुम्ही मला आत घेतलेत. ते लोक गोंधळतात. आमच्या घरी राजा कधी आला होता, हे त्यांना आठवत नाही. तो आला तेव्हा त्याच्या कपड्यांना सिमेंट लागलेले असेल, हे त्यांना कसे कळावे? अशा घरांवर पाटी नसते. यात्रेकरू तेथे थांबत नाहीत. पण राजा तेथे येऊन गेलेला असतो.